सोळाव्या पानावरची पाटी

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, जालन्यातल्या एका छापखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं होतो. मी आणि शब्बीरचाचा. माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात सत्तावीसशे रुपये होते. या गोष्टीला एकोणतीस वर्षं झाली. त्या खोलीत मी काय केलं हे मी कुणाला तोंडाने सांगितलेलं नाही — बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्यांना आधी सांगायला हवं होतं त्या दोघांनाही नाही.

तुम्ही हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचत आला असाल तर ‘उजेड्या’चे दहाही अंक तुमच्या हाताखालून गेले आहेत. संपादकबाईंनी मला शेवटी चार शब्द लिहायला सांगितले. उजेड्या कसा निघाला, किती छापला, का बंद पडला — लोकांना ते वाचायला आवडतं म्हणाल्या. आवडत असेल. आकडे मला पाठ आहेत, म्हणून आधी आकडेच देतो. आकड्यांच्या मागे जाऊन उभं राहायची माझी जुनी सवय आहे. तुम्ही ती लक्षात ठेवा.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. बियाण्याच्या एका दुकानात कारकून. दुकानाच्या जाहिराती गावोगावच्या भिंतींवर रंगवल्या जायच्या — पांढरं कपाशीचं बोंड, खाली दुकानाचं नाव. रंगाऱ्याला पैसे चौरस फुटावर मिळत. भिंत मोजायला मला पाठवत. मिलिंद साळवे जाफराबादचा. तो भिंत रंगवून बाजूला उभा राहायचा आणि मी टेप लावायचो. पहिल्याच दिवशी मी त्याचे अडीच फूट कमी धरले, कारण एका कोपऱ्यात पोपडे निघाले होते. तो हसला. म्हणाला, “पोपड्यावर बी रंग लागलाच ना, टेपभाऊ?” तेव्हापासून मी त्याच्यासाठी टेपभाऊ.

भिंत वाळेपर्यंत तो विटकरीच्या तुकड्याने जमिनीवर चित्रं काढायचा. एक माणूस तो परत परत काढायचा. तोंडाला मफलर, हातात रबरी मोजे, कमरेला पक्कड. वायरमन. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर चढलेला असताना वीज अंगातून गेली आणि हा मेला नाही. तेव्हापासून नुसता हातात बल्ब धरला तरी बल्ब लागतो. आमच्या भागात दिवसाचे दहा-दहा तास लाईट नसायची. असा माणूस कुणाला नको होता? नाव मीच सुचवलं — उजेड्या. गोष्टी मी लिहायच्या, चित्रं आणि अक्षर त्याचं. पानाला वीस रुपये त्याला. सोळा पानांचा अंक, किंमत चार रुपये.

पहिला अंक एक हजार छापला. त्यावर ‘अंक तिसरा’ असं आहे.

संपादकबाईंनी मला फोनवर विचारलं होतं, अंक एक आणि दोन कुठे मिळतील. मिळणार नाहीत. ते नव्हतेच. बसस्टँडवरच्या पुस्तकवाल्यांना आम्ही आधी नमुना दाखवायला गेलो होतो, तर जो तो म्हणे, “पयला अंक आपन ठेवत न्हाई. आधी चालू द्या, मंग आना.” म्हणून आम्ही तिसऱ्यापासून सुरू केलं. पुस्तकवाले म्हणाले, हां, म्हणजे चालून राह्यलंय. परवा एका गृहस्थांनी मला सांगितलं की पहिला अंक त्यांनी लहानपणी वाचलेला आहे. गोष्टही सांगितली. चांगली होती. मी त्यांना काही बोललो नाही.

हे पहिलं खोटं. त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. आम्ही दोघं त्यावर खूप हसलोही होतो. पण मी हे आधी सांगतो आहे ते का, हे तुमच्या ध्यानात येत असेल — लहान खोटं आधी सांगितलं की मोठं पुढे ढकलता येतं.

चौथा अंक हजार. पाचव्यापासून दीड हजार. जालन्यात छापायचा, गठ्ठे बांधायचे, एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचे. जाफराबाद, शहागड, तीर्थपुरी. सहाव्या अंकात आम्ही ‘आकडेबहाद्दर’ नावाचा खलनायक आणला होता — तारांवर आकडा टाकून वीज चोरणारा. तीर्थपुरीहून एका पोराचं पोस्टकार्ड आलं. “आमच्या घरी बी आकडा आहे. मंग माझे बाबा राक्षस आहेत का? कळवावे.” मिलिंदने ते कार्ड आपल्या रंगाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं. आकडेबहाद्दर पुन्हा आला नाही.

तीर्थपुरीला पुस्तकांचे एक ठोक दुकानदार होते. त्यांना सगळे मामा म्हणत. आठवडी बाजारांना त्यांचा माल जाई. ते आमच्या सातशे प्रती घेत, त्याही उधारीवर. दहाव्या अंकाच्या वेळी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, या वेळी बाराशे टाका, सव्वादोनने, आणि पैसे रोख, आधी. बाराशे गुणिले सव्वादोन, सत्तावीसशे. असं आधी कधी झालं नव्हतं. मी त्यांना पानांच्या झेरॉक्स दाखवल्या. त्यांनी चहा मागवला. एकेक पान पाहिलं. सोळाव्या पानावर थांबले.

दहाव्या अंकात उजेड्या पहिल्यांदा घरी जातो. तोवर त्याचं घर कुणी पाहिलेलं नव्हतं. तो कुठला, कुणाचा, हे गोष्टीत कुठेच नव्हतं. मी लिहून दिलं होतं एवढंच — उजेड्या दारात येतो, मफलर सोडतो, आई दार उघडते. मिलिंदने दाराशेजारी एक पाटी काढली. पाटीवर नाव होतं. गयाबाई साळवे. त्याच्या आईचं. मजुरी करून तिने दोन खोल्या बांधल्या होत्या आणि त्यावर तिच्याच नावाची पाटी त्याने रंगवून लावली होती. मी त्या घरी जेवलो होतो. पाटी माझ्या ओळखीची होती. पान हातात आलं तेव्हा मी त्याला म्हणालो, झकास आहे. म्हणालो होतो. हे मला स्पष्ट आठवतं.

मामा वाईट माणूस नव्हते. त्यांनी धमकी दिली नाही. ऑर्डर कमी करतो म्हणाले नाहीत. त्यांनी त्या पाटीवर बोट ठेवलं आणि हसून म्हणाले, “आजपोतर सगळ्या गावात पोरं म्हनत्यात, उजेड्या आपला. बिलकुल चांगली गोष्ट हाय. तसंच राहू द्या की. मधीच आडनाव आनायचं काय काम?” मग त्यांनी पैसे मोजून माझ्या हातात दिले. मी म्हणू शकलो असतो, मामा, हे त्याच्या आईचं नाव आहे. मी म्हणालो, “बघतो.”

बघतो — या शब्दाचा अर्थ काय होता? मला तेव्हाही माहीत होता, मामांनाही माहीत होता. मी गठ्ठे न्यायच्या जीपमधून परत निघालो आणि वाटेत मनातल्या मनात छपाईचा खर्च वजा करत होतो. मला वाईट वाटत होतं का? तसं लिहिलं तर बरं दिसेल. पण मी वजाबाकी करत होतो.

आता त्या खोलीकडे येतो.

तुम्हाला छापखान्यातली एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. तेव्हा पानाचा फोटो काढून मोठी फिल्म बनवत. फिल्मवर सगळं उलटं — पांढरं ते काळं, आणि जिथे शाई उमटायची तिथे काचेसारखं आरपार. फिल्मवर धुळीचे बारीक टिपके राहतात. तेही आरपार असतात, म्हणून छापताना काळे उमटतात. ते टिपके ब्रशने लाल रंग लावून बुजवायचे. याला ओपेक करणं म्हणतात. जे बुजवलं ते छापलं जात नाही. या कामाचे छापखाना पानाला चार आणे घ्यायचा. ते वाचावेत म्हणून मी ते शिकून घेतलं होतं आणि दर अंकाला मीच करत असे. खालून दिवा लावलेली एक काच असते, तिच्यावर फिल्म ठेवायची आणि टिपके शोधायचे.

फिल्म काढणारे आणि तिच्यावरून छपाईची प्लेट बनवणारे शब्बीरचाचा. छप्पन वर्षांचे. त्या दुपारी ते माझ्याकडे पाठ करून डबा खात बसले होते. मी पंधरा पानं केली. सोळावं काचेवर ठेवलं. काळ्या पाटीवर सात अक्षरं उजेडाने लिहिलेली दिसत होती. पाटी साडेतीन सेंटिमीटर रुंद, एक सेंटिमीटर उंच. ब्रशचे चार फटकारे लागले. कडा नीट याव्यात म्हणून मी पट्टी लावली.

पट्टी लावली — हे मी किती वेळा आठवलं असेल? राग आलेला, घाबरलेला, घाईतला माणूस पट्टी लावत नाही.

तेवढ्यात चाचा मागे न वळता म्हणाले, “आओ बाबू, दो निवाले खा लो.” मी म्हणालो, हात लाल झालेत.

जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले, फिल्म घेतल्या, एकेक उजेडाकडे धरून पाहिली. सोळाव्याला थांबले. “ये डब्बा खाली छोडना है क्या?” मी म्हणालो, “हां.” त्यांनी आणखी काही विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत दोन हजार प्रती छापून झाल्या. दार, आई, उजेड्या आणि शेजारी कोरी पाटी.

इथे थांबलो तर ही एका भित्र्या माणसाची गोष्ट होईल. तेवढी कबुली मी कधीतरी दिलीही असती. पण ही ती गोष्ट नाही. अजून थोडं आहे.

पोळा झाला, तिसऱ्या दिवशी मिलिंद आपल्या प्रती न्यायला छापखान्यात आला. काउंटरवर शेठ बसले होते. चाचा आतून प्लेट घेऊन बाहेर आले होते. मी बिल तपासत होतो. मिलिंदने वरची प्रत उचलली आणि थेट शेवटचं पान उघडलं. मग त्याने मला विचारलं, “टेपभाऊ, नाव कुठं गेलं?”

मी तयारी केली नव्हती. पण उत्तर तयार होतं. मी म्हणालो, “चाचांच्या हातून फिल्म धुताना गेलं असेल.”

चाचा समोर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? मला सांगता येत नाही — एवढी एकच गोष्ट मला मोजता आलेली नाही. मग ते मिलिंदकडे वळून म्हणाले, “हो गया हुंगा, बेटा. नजर कमजोर हो गई अब मेरी.”

त्यांनी असं का म्हणावं? मी छापखान्याला दर दोन महिन्यांनी काम आणून देणारा गिऱ्हाईक होतो म्हणून? माझं वय त्यांच्या मुलाएवढं होतं म्हणून? गिऱ्हाइकाला काउंटरवर खोटं पाडायचं नसतं, अशी त्यांची रीत होती म्हणून? मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारायला अठरा वर्षं होती.

मिलिंदने पान पुन्हा पाहिलं. “बराबर चौकोनी गेलंय,” म्हणाला. मी त्याला सोळा पानांचे तीनशे वीस रुपये दिले. त्याने तीनशे घेतले आणि वीसची नोट काउंटरवर ठेवली. “सोळावं पान माझं न्हाई,” म्हणाला, आणि गेला. ती नोट मी उचलली.

शेठनी मात्र सगळं ऐकलं होतं. नजर कमजोर झालेला माणूस फिल्म आणि प्लेटच्या कामावर कसा ठेवायचा? पुढच्या सोमवारपासून चाचा बाइंडिंगच्या टेबलावर. फिल्मच्या कामाचे रोज साठ रुपये मिळत, घड्या घालायचे आणि टाचण्या मारायचे पंचेचाळीस. मला हे अकराव्या अंकाच्या वेळी कळलं. गठ्ठे न्यायला गेलो तर चाचा खाली बसून आमच्याच अंकाला टाचण्या मारत होते. “सलाम, बाबू,” म्हणाले. गठ्ठे माझ्यापुढे सरकवले. मी नेहमीप्रमाणे मोजून घेतले. एकही प्रत कमी नव्हती.

तेव्हा शेठकडे जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. काउंटर वीस पावलांवर होतं. मी गठ्ठे रिक्षात टाकले.

बारावा अंक काढून मिलिंदने सांगितलं की भिंतींचं काम वाढलंय, आता जमणार नाही. शेवटच्या दोन अंकांत उजेड्याने मफलर सोडलेला नाही, तुम्ही पाहिलंच आहे. उजेड्या बंद पडला तो असा. कागद महाग झाला, घरोघरी टीव्ही आला, असं मी लोकांना सांगत आलो. कागद महाग झाला होता, हे खरं आहे. चाचांना बाइंडिंगला बसवल्यापासून छापखाना त्रेचाळीस महिने चालला आणि बंद झाला. त्रेचाळीस महिने चाचा टाचण्या मारत होते. ते वारले त्याला आता अकरा वर्षं झाली. मातीला मी गेलो होतो.

मधल्या काळात काय झालं ते थोडक्यात सांगतो. उजेड्या वाचणारी पोरं मोठी झाली, कुणी मास्तर झालं, कुणी कंपनीत लागलं. कुणीतरी जुन्या अंकांचे फोटो मोबाइलवर फिरवले. सगळ्यांत जास्त फिरलं ते सोळावं पान. लोकांनी त्या कोऱ्या पाटीचा अर्थ लावला — उजेड्याला आडनाव नाही, जात नाही, तो सगळ्यांचा आहे, म्हणून पाटी कोरी. तीन वर्षांपूर्वी जालन्यातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मला बोलावलं. एका मास्तरांनी त्या पाटीवर दहा मिनिटं भाषण केलं. “त्या काळी एवढा मोठा विचार!” असं म्हणाले. टाळ्या झाल्या. मी उभा राहिलो, खांद्यावर शाल घेतली आणि हात जोडले. बायको पहिल्या रांगेत होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी आल्यावर म्हणाली, “तुम्ही कधी बोलला न्हाईत.” ती शाल आमच्या लोखंडी कपाटात आहे, अजून घडीही मोडलेली नाही.

गेल्या वर्षी पुण्याहून संपादकबाईंचा फोन आला. सगळे अंक एकत्र काढायचे, हक्काचे साठ हजार, आणि मुखपृष्ठावर सोळावं पान — ती कोरी पाटी. करारावर मिलिंदचीही सही हवी होती. मला फक्त जाफराबादला जाऊन सही आणायची होती. नुसती तेवढीच आणली असती, तर हे पुस्तक आज वेगळं दिसलं असतं, आणि ती पाटी कायमची कोरी राहिली असती. माझ्या नावावर.

दहाव्या अंकाच्या फिल्म माझ्याकडे होत्या. छापखाना बंद होताना रद्दीत चालल्या होत्या, मी खाकी पाकिटात घालून घेऊन आलो होतो. का आणल्या? टाकून द्यायला धीर झाला नाही म्हणून. एवढंच. आणि ओपेकचा रंग पाण्याचा असतो, हे मला एकोणतीस वर्षं माहीत होतं. ओल्या कापसाने पुसला की निघतो. कुठल्याही दिवशी, दोन मिनिटांत.

मी करार आणि पाकीट दोन्ही पिशवीत घालून एसटीने जाफराबादला गेलो. मिलिंद आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं रंगवतो. भिंतींचं काम फ्लेक्सने खाल्लं. घर तेच, दोन खोल्यांवर वरचा मजला चढवलाय, पाटी तीच — रंग मात्र नवा होता. तो पायरीवर बसून ब्रश धूत होता. “या, टेपभाऊ. भिंत न्हाई राह्यली आता मोजायला.” मी हसलो. त्याची मुलगी शाळेतून यायची होती. त्याने स्वतःच चहा केला.

मी करार पुढे ठेवला. त्याने वाचला. मुखपृष्ठाचा कच्चा नमुना पाहिला. मग मी पाकीट काढलं आणि सोळाव्या पानाची फिल्म त्याच्या हातात दिली. काही बोललो नाही. त्याने ती खिडकीशी धरली. पाटीच्या जागी लाल रंगाचा चौकोन होता, कडा पट्टी लावल्यासारख्या सरळ.

मी वाट पाहत होतो. शिवी देईल, बाहेर काढेल, रडेल — जे असेल ते. तो म्हणाला, “मला ठावं व्हतं. त्याच दिशी. धुताना गेलं तर वघळ जातो. असं चौकोनी जातं व्हय?”

त्याने फिल्म खाली ठेवली.

“चाचाला काय दिलं?” त्याने विचारलं.

मी ज्याची तयारी करून गेलो होतो तो प्रश्न हा नव्हता.

“काहीच न्हाई,” मी म्हणालो.

“नजर चांगली व्हती त्याची. माझ्या कुंचल्याचा केस पानाला चिकटला तरी फिल्म काढायच्या आधी चिमट्यानं काढायचा. मी गेल्तो त्याच्याकडं, पंधरा दिसांनी. म्हनलं, चाचा, खरं सांगा. तर म्हने, छोड ना बेटा, बाइंडिंग में धूप अच्छी आती है.” मिलिंदने कपबशी बाजूला सरकवली. “आईच्या नावाचं मी सोडून दिल्तं, टेपभाऊ. नाव तर घरावर हायच. पर त्या मानसाला तू आंधळा केला.”

त्याने मला अरेतुरे एकदाच केलं. मग उठला, रांजणातलं वाटीभर पाणी आणि कापूस माझ्यापुढे ठेवला. मी पुसलं. रंग सुटला, वाटीतलं पाणी लाल झालं, आणि फिल्म खिडकीशी धरली तेव्हा सात अक्षरं होती तिथे होती. त्याने पाहिली आणि करारावर सही केली. “माझ्या सोळाव्या पानाचे वीस रुपये राह्यलेत,” म्हणाला. मी दिले. त्याने नोट घडी करून खिशात ठेवली आणि पुन्हा ब्रश धुवायला बसला.

फिल्म मी पुण्याला पाठवली आणि कळवलं, मूळ पान असं आहे, असंच छापा. संपादकबाईंनी विचारलं, मग जुन्या अंकात कोरी का? मी म्हणालो, लिहून देतो. मुखपृष्ठ बदललं. तुमच्याकडे जुना अंक असेल तर ताडून पाहा. ती पाटी कधीच कोरी नव्हती. कोरी केली ती मी. तिच्यात विचार नव्हता, सत्तावीसशे रुपये होते.

साठ हजारांतले तीस मिलिंदच्या खात्यावर गेले, तीस माझ्या. चाचांच्या रोजात साठ वजा पंचेचाळीस, पंधरा. महिन्याचे सव्वीस रोज, तीनशे नव्वद. त्रेचाळीस महिने. एकूण सोळा हजार सातशे सत्तर. व्याज धरलेलं नाही. कुठल्या दराने धरायचं ते मला ठरवता आलं नाही. उरलेले तेरा हजार दोनशे तीस माझ्या खात्यावर आहेत. ते माझे कसे, हे मला कळत नाही, पण ते तिथेच आहेत.

चाचांच्या पत्नी, बिल्किसचाची, जालन्यातच मुलीजवळ राहतात. मी गेलो तेव्हा दारात बसून गोधडी शिवत होत्या. मला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर ओळखलं. मी म्हणालो, चाचांचा छापखान्यातला काही पगार राहिला होता, तो आणलाय. त्यांनी विचारलं, इतने साल बाद? मी म्हणालो, हिशेब आता लागला. खरं कारण मी सांगितलं नाही. तिथेही नाही. जिभेवर आलं होतं असंही नाही. मी ते इथे लिहितो आहे, कारण त्यांची नात आठवीला आहे, मराठी शाळेत, आणि या पुस्तकाची एक प्रत मी तिच्या नावाने पाठवणार आहे. तोंडाने सांगण्यापेक्षा हे सोपं आहे. ते सोपं आहे म्हणूनच मी असं करतो आहे.

चाचींनी पैसे मोजले नाहीत. पदराखाली ठेवले. मग नातीला हाक मारून सुई तिच्या हातात दिली, आणि ती दोरा ओवत होती तेव्हा माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “तुम्हारे चाचा थे तब तक वोइच डाल के देते थे धागा. आखिर तक. बगैर चष्मे के.”

सोळा हजार सातशे सत्तर रुपये. बिल्किसचाची यांना. रोख.